तम्राची चाई

आधी कानामागे, पावलीएवढी जागा.
वाटलं, पंपाच्या जाळीला मान घासत असेल,
सवयच आहे तिला.
मग पाठीवर. मग शेपटीच्या मुळाशी.
आणि रमजानच्या आधी एका सकाळी
हातात आला अख्खा झुपका,
न ओढता,
फाटक्या गादीतून कापूस यावा तसा.

बाणकोटला याला चाई म्हणतात.
माणसाला पडली तर किडा लागला म्हणतात,
तो किडा कुणी बघितलेला नाही.
शेळीला पडली तर काय म्हणतात
मला ठाऊक नाही,
कारण आमच्याकडची शेळी
केस गळेपर्यंत कधी जगलीच नाही.

ही जगलीय. आठ वर्षं, सहमच्या या बागेत.
अम्मा घालियाची तम्रा, पिकल्या खजुराच्या रंगाची,
जिला ईदला कुणी हात लावत नाही,
जी दुपारी मजलिसीत एसीखाली येऊन बसते
आणि कहव्याच्या किटलीकडे
पाहुण्यासारखी बघते.

अम्मा म्हणाली, नजर.
शेजारणीने तिला देखणी म्हटलं
आणि माशाअल्ला म्हणायची विसरली.
लोबान जाळला. तम्रा शिंकली.
मोख्लेसने तिचं डोकं मांडीवर घेतलं,
मोबाइलच्या उजेडात उवा शोधल्या, खरूज शोधली,
नेत्रकोनात त्याच्या आईने
त्याच्या डोक्यात शोधल्या असतील तशा.
काही नाही.
नायटा म्हणावं तर त्याला कड असते.
उन्हाळ्याचं गळणं म्हणावं तर
बाकीच्या बकऱ्या तुळतुळीत काळ्या.

राहिलं पाणी.
पाण्याबद्दल मात्र मला सांगू नका.
अठरा वर्षं मी हेच उपसतोय.
दरवर्षी समुद्र बागेखालून चार पावलं आत येतो,
आधी लिंबं वाळली, मग आंबा,
मग माझं कपाळ मागे मागे सरकत गेलं.
इथला कुणीही भेटो, केरळचा, कराचीचा,
तिसऱ्या वाक्याला पाण्यावर येतो
आणि हात टाळूवर जातो.
कुलसुम फोनवर म्हणते, कॅमेरा जरा खाली धरा,
चमकतंय.

सोहारहून डॉक्टर तय्यिब आला, सुदानचा.
खुरं बघितली, ओठांभोवतीची खपली बघितली.
खायला काय?
म्हटलं, खजूर. सुकी तारली,
जी आमच्याकडे पावसाळ्यात मोजून काढतात
आणि इथे पोत्याने गुरांपुढे ओततात.
आणि लसूणघास.
किती?
मागेल तितका. अम्माचा हुकूम.

तो हसला.
म्हणाला, घासात चुना, पाण्यात चुना,
जस्त बिचारं दारातच अडतं.
लाड झालेत हिचे. लाड कमी करा.
मग म्हणाला, कदाचित.
कदाचित तांबंही कमी असेल.
रक्त मस्कतला पाठवतो.

पुडी खजुरात लपवून द्यायची.
पैसे देताना मी हळूच विचारलं,
माणसाला चालते का?
त्याने टोपी काढली.
नुसतीच काढली, बोलला काही नाही.

रक्ताचा निकाल अजून यायचाय.
घास निम्मा केलाय,
तम्रा रात्रभर ओरडते, अम्मा सकाळभर मला.
काल कानामागे बोट फिरवलं, तर खरखरलं,
दुसऱ्या दिवशीची दाढी खरखरते तसं.
पांढरं आहे. अम्माला सांगितलेलं नाही.

कुलसुमला दाखवलं, फोन अगदी जवळ नेऊन.
ती बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली,
हिच्या अंगावरून रोज हात फिरवतं ना कुणीतरी?

मी म्हटलं, थांब,
पंप बंद करायचा राहिलाय.