बोळक्यातून सांगायचा नंबर

ठाकूरद्वारची इमारत पाडायचं ठरलं
आणि बिल्डरच्या कागदात सगळं आलं,
भाडं, कार्पेट, खिडकीची दिशा,
जिन्याखालच्या मांजरांचंसुद्धा कुणीतरी विचारलं.
फोनचं कुणी विचारलं नाही.
मी एक्स्चेंजला गेले. तिथला माणूस चहा संपवून म्हणाला,
हा जोगेश्वरीला येणार नाही, बाई,
नंबर इथल्या तारेचा आहे, तुमचा नाही.

विजयकर डेंटल लॅब.
कवळ्या करून मिळतील. मोडलेल्या जोडून मिळतील.
पाटीवर काकांच्या हाताचे सात आकडे
आणि त्यांच्या आधी मागाहून घुसवलेला दोन,
जागा नव्हती म्हणून निम्मा चौकटीवर.

फैजान आला टॅबलेट घेऊन.
बत्तीसच्या बत्तीस दात, मी सवयीनं मोजले.
टोल फ्री घ्या मॅडम, गिऱ्हाइकाला वाटतं कंपनी मोठी आहे.
आम्ही चौघं आणि एक प्लास्टरचं पिंप.
मग व्हर्च्युअल घ्या,
नव्या कवळीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन,
कोण बोललं, किती बोललं, सगळी नोंद.
नाहीतर हा फॅन्सी, ओळीनं चार सात,
अकरा हजार, पण डोक्यात बसतो.

तेवढ्यात लँडलाइन वाजली.
मी रिसीव्हर त्याच्याच कानाला लावला.
तो ऐकत राहिला, मग हळूच म्हणाला,
नेटवर्कचा इश्यू आहे.

नेटवर्क ठीक आहे.
ते गोवालिया टँकचे दिनशाजी आहेत.
वरची पट्टी बेसिनमध्ये पडली, दोन तुकडे झाले,
उद्या नातीचं नवजोत, फोटो काढणार,
संध्याकाळपर्यंत द्या, गडी पाठवतो.
फैजान माझ्याकडे बघत राहिला.
त्याला फक्त वारा ऐकू आला होता
आणि मध्ये कुठंतरी एक फ.

आमच्याकडे फोन करणाऱ्याच्या तोंडात
फोन करताना दात नसतात.
असते तर त्यानं फोन कशाला केला असता?

रात्री काकांना म्हटलं, काढा.
त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली
आणि शाळेतल्यासारखे ताठ बसले.
मी वहीत दहा आकडे उभे लिहिले.
सहाचा नुसता श्वास झाला.
चार आणि पाच एकाच गालात गेले, वेगळे काढता येईनात.
तीनला टेकायला काही सापडेना,
दोनही तसाच, जीभ बाहेर येऊन परत गेली.
शून्याची फुंकर. वहीचं पान हललं.
एक टिकला.
नऊ टिकला.
आठ तर टाळूवर ठणकन वाजला,
काका स्वतःच हसले, पुन्हा म्हणाले, आठ.

सकाळी फैजानला फोन केला,
नऊ, आठ, एक, यातलेच आकडे असलेला काढ.
ह्यात काही पॅटर्न नाही मॅडम,
असे नंबर कुणी मागत नाही, साध्या सिमवर फुकट मिळतात.
मग दे की.
खूप शोधून एक निघाला. शेवटी मात्र सात.
एवढं चालेल का, त्यानं विचारलं. चालेल म्हटलं.

जुना अजून दोन महिने वाजेल.
जो करेल त्याला मी नवा सांगणार, सावकाश,
आणि त्याच्याकडून म्हणवून घेणार,
भले प्लास्टर हातावर सुकलं तरी.

पहिली पाळी काकांची.
वाटी माझ्याजवळ, वही मिटलेली.
नऊ, ते म्हणाले. आठ. आठ. एक.
मध्ये एकदाच अडखळले, पुन्हा पहिल्यापासून आले.
शेवटाला पोचून थांबले,
ओठ आत गेले, जोर केला,
आणि सातचा झाला
हात.

तो त्यांनी पुढे केला.
मी कवळी पाण्यातून काढून
त्यावर ठेवली.