शेवटचं नीट कधी पाहिलं

ग्रिम्सबीच्या इस्पितळात, मागच्या बाजूला,
जिथं पूर्वी चादरी धुवायचे,
तिथं दर मंगळवारी रबरी माणूस आजारी पडतो.
बटण दाबलं की त्याला झटके येतात,
डोळ्यातली एक बाहुली मोठी होते, दुसरी तशीच,
आणि डॉक्टर ओबियागेली भिंतीला टेकून
स्वेटरच्या बाह्या ओढत विचारतात,
"हं. आता?"

मी इंजेक्शनचं नाव घेते, डोससकट.
"आणि साखर?"
साखर बघायची राहिली.
रबरी माणूस माझ्या हातून तिसऱ्यांदा मेला.
त्या त्याच्या शर्टाची बटणं लावतात, सवयीनं,
आणि म्हणतात, पुन्हा.

जाता जाता म्हणाल्या,
"नातेवाईक वेळ सांगत नाहीत, गोष्ट सांगतात.
माशातून काटा काढावा
तशी त्यातून वेळ काढायची."

शुक्रवारी रात्री खराखुरा आला.
क्लाइव्ह ओडलिंग, चौऱ्याहत्तर, जन्म गोदीवर गेलेला.
उजवा हात ओल्या पोत्यासारखा,
ओठाचा कोपरा घसरलेला,
शब्द एकही नाही.
बायको दारात, पायात घरातल्या सपाता,
रुमालात गुंडाळलेली त्याची कवळी.

शेवटचं नीट कधी पाहिलंत?
"नीटच होता की. आत्ताच हो.
मॅच बघत होता. मी भांडी घासत होते."

साखर पाहिली. ठीक होती.
मग काटा आठवला.
मॅचमध्ये काय झालं, मी विचारलं.
नर्सनं चमकून माझ्याकडे पाहिलं.

"पहिला गोल आमच्यावर झाला,
त्यानं रेफरीच्या आईचा उद्धार केला.
मी म्हटलं, हळू, शेजारी ऐकतील.
मग आम्ही फेडला, तर हा गप्प.
मला वाटलं, रुसलाय."

पोर्टरनं खिशातून फोन काढला.
पहिला गोल आठ सतरा.
दुसरा आठ एक्केचाळीस.
फॉर्मवर मी आठ सतरा लिहिलं;
शिवी लिहायला त्यावर रकाना नसतो.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता.
नऊ पन्नासला औषध नसेत शिरलं,
आणि मग नुसतं बसणं.

पहाटे त्याची दोन बोटं हलली. दोनच.
"बोलेल का?" तिनं विचारलं.
सांगता येत नाही, म्हटलं.
कधीकधी शिव्या आधी परततात,
त्यांची खोली मेंदूत वेगळी असते.
ती डोळे पुसत हसली,
"मग शनिवारपर्यंत अख्खा येईल."

शनिवारी माझी सुट्टी होती.
काय झालं ते मी विचारलं नाही, अजून.

मंगळवारी नवा मुलगा होता, पहिलाच दिवस,
हात थरथरत होते.
रबरी माणसाला बायको नसते, ही त्याची मोठी उणीव.
मी बूट काढले, मोज्यांवर दारात उभी राहिले,
हातात एक रुमाल.
त्यानं विचारलं, कधीपासून?

"आत्ताच हो," मी म्हटलं,
"मॅच बघत होता."