सकाळ त्यांची, दुपार माझी

ठरलं होतं घरून निघतानाच:
सकाळ त्यांची, दुपार माझी.
मार्चअखेरचा बर्फ, निम्मा चिखल झालेला,
आणि उर्पो हाउताला, वय एक्याऐंशी, माझे बाबा,
तिकिटाच्या खिडकीत पोरीला सांगत होते,
पैसे कसले घेता, मी रेल्वेचाच.
तिनं घेतले.

इंजिन काळंभोर, तेल लावून बसवलेलं.
लोक केबिनमध्ये चढत होते टोपी घालून, फोटोसाठी.
बाबा थेट चाकापाशी वाकले.
छत्तीस वर्षं हेच:
उणे तीसमध्ये, एका हातात कंदील,
दुसऱ्यात लांब दांड्याचा हातोडा,
गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
एकेक चाक वाजवत जायचं
मडकं वाजवून घ्यावं तसं.
खणखणीत आलं की पुढचं.
बद्द आलं की गाडी थांबली,
आत मंत्री बसलेला असला तरी.

हातोडा आता काचेच्या पेटीत होता.
"दांडा उलटा बसवलाय," बाबा म्हणाले,
आणि 'हात लावू नये' ही पाटी नीट वाचून
बोटाच्या पेरानं चाकावर टक् केलं.
डावा कान गेलेलाच. उजवा पुढे केला.
"रंग फार थापलाय."

वेलदोड्याचा पाव दोघांत एक.
साखर त्यांच्या मिशीत राहिली, मी सांगितलं नाही.

मग माझी दुपार.
मी शाळेत चित्रकला शिकवते;
त्यांच्या लेखी ते रविवारचं काम.
गॅलरीत ते चालले फलाटावर चालावं तसे,
तळी, भूर्जं, पुन्हा तळी, "बरंय", "बरंय",
आणि शेवटच्या खोलीत, दाराआड,
बटाटे सोलणारी एक बाई. चित्रकार अज्ञात.
कपाळापासून गळ्यापर्यंत रंगाला बारीक तडे,
सुकलेल्या डबक्याच्या तळासारखे.

बाबा थांबले.
उजवा कान नेला तिच्या तोंडाजवळ, वीतभर अंतरावर.
रखवालदारीण खुर्चीतून उठली.
मी हात वर केला, थांबा,
का, ते मला सांगता आलं नसतं.

"थंडीनं गेलेत," ते म्हणाले शेवटी.
"आतून नाही. चालेल ही अजून."

या तड्यांवर मी वर्गात तासभर बोलते,
वॉर्निश, दमटपणा, कापडाचा ताण.
मुलं खिडकीबाहेर बघतात.

परतीच्या गाडीत मी उजवीकडे बसले.
येताना डावीकडे बसले होते,
आणि सगळा प्रवास मीच बोलत होते, हे आत्ता आठवलं.
रीहिमाकी गेल्यावर कुठेतरी
डोळे न उघडताच त्यांनी तीन बोटं वर केली.
तिसरा डबा.
कंडक्टरला सांगावं की नाही
यावर आमचं एकमत होईपर्यंत
आमचं स्टेशन आलं.