दुधी काच

गावाच्या वेशीवर नाके लागायच्या आदल्या आठवड्यात
सातिल्मिश उस्ताच्या उजव्या फुप्फुसाचा तुकडा
माझ्याकडे आला, मेणाच्या ठोकळ्यात,
आगपेटीहून लहान.
कॅन्सर, असं लिहून मी सही केली.
शेजारच्या वायुकोशांत काहीतरी गुलाबी, चिकट साचलं होतं.
‘खाणकामगार, जुनी सूज,’ असं खाली लिहिलं
आणि चहा प्यायला गेले.

झोंगुल्दाकमध्ये काळं फुप्फुस ही काही बातमी नाही.
इथली मुलं जिन्यातल्या खोकल्यावरून सांगतात
बाप कुठल्या पाळीचा आहे.

नऊ दिवसांनी तो गेला.
स्कॅनवर दोन्हीकडे दुधी काच,
गाठीच्या भोवतीही तीच.
कॅन्सर कुठे संपतो, ताप कुठे सुरू होतो,
पलीकडचं कोण सांगणार?

मे महिन्यात दुर्दाने आली. मास्क घरी शिवलेला, फुलांचा.
‘कशाने गेला? कोळशाने, सिगरेटीने, की त्या नव्याने?’

मी ठोकळा पुन्हा काढला,
केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा काप घेतला,
एकाच प्रथिनावर चढतो तो तपकिरी रंग लावला.
हे असं असतं, दुर्दाने:
धुराने वर्षानुवर्षं पोळलेली पेशी
स्वतःची आग शमवायला जास्त हात बाहेर काढते.
विषाणू नेमके तेच हात धरतो.
आत शिरायला कात्री लागते,
ती कात्रीही घरातलीच.
आणि गाठ? तीही तपकिरी झाली माझ्या काचेवर.
परकी म्हणून कापून काढली आम्ही,
पण हात तिलाही तेच होते.

एवढं दिसलं. यापुढचं
कुणी उंदरांत पाहिलंय, कुणी आकड्यांत:
सूज उठली की निजलेल्या पेशी जाग्या होतात, म्हणतात.
मी पाहिलेलं नाही. मी सही करणार नाही.

त्या गुलाबी थराकडे मात्र बराच वेळ पाहत बसले.
तो मार्चमध्येही तिथेच होता.

सातिल्मिश म्हणजे विकलेला.
आधीची चार दगावली, तेव्हा आईने
हा पाचवा पीराच्या ओटीत घातला,
नावापुरता विकला,
मरणाला घर सापडू नये म्हणून.
साठ वर्षं सापडलं नाही. दोनदा छत कोसळलं,
दोनदा वर आला, दात तेवढे पांढरे.

फॉर्मवर कारणाला एकच रकाना आहे.
मी दोन्ही लिहिली, बारीक अक्षरात,
मधली रेघ कुणी कशीही वाचावी.

दुर्दानेने कागद न वाचताच घडी घातला.
मग हळूच विचारलं,
तो तुकडा परत मिळेल का,
कबरीत तो तेवढ्याने कमी आहे.

मी कपाटाकडे पाहिलं.
ठोकळे वीस वर्षं ठेवायचे, असा नियम आहे.