पूर्ववत

फोनवर बाबा म्हणाले, "यास्ना, कॉम्प्युटर बिघडलाय.
एका रात्रीत सगळं बारीक झालंय."
सगळं म्हणजे काय, ते सांगेनात.

पुन्ता अरेनासला वारा सुटला की
रस्त्याकडेला दोर बांधतात, धरून चालायला.
तशीच धरत धरत पोचले.
छपराचा पत्रा थडथडत होता.
दार उघडून ते किटली ठेवायला आत गेले,
जरा घाईनेच.

रात्री अपडेट आलं होतं, इतकंच.
सेटिंग्ज कारखान्यातून आत्ताच निघाल्यासारखी,
कोरी, कुणाचीच नसलेली.
मागची तारीख शोधली: मंगळवार, सकाळचे सहा दहा.
खाली एक ओळ: तुमच्या फायलींना धक्का लागणार नाही.
पूर्ववत करायचं? हो.

बारा टक्के. चाळीस. तिथेच अडलं.
खिडकीबाहेर सामुद्रधुनी, शिशाच्या रंगाची.
मग पडदा एकदम उजळला
आणि मी खुर्चीसकट मागे सरकले.

अक्षरं माझ्या अंगठ्याएवढी,
काळ्यावर पिवळी.
माउसचा बाण केवढा तरी, आणि चालतो कसा,
गोगलगायीने वाट विचारत जावं तसा.
बटण चुकून दोनदा दाबलं तर एकदाच धरायचं, अशी सूचना.
आवाज शंभरावर.

चाळीस वर्षं बंदराच्या वायरलेसवर बसलेला माणूस.
वादळाच्या खरखरीतून बोटीचं नाव वेचून काढायचा,
तांदळातला खडा वेचावा तसं.
त्याचं बोट कधी दोनदा पडलं नव्हतं.

हे कधी केलं त्यांनी?
कुणाला विचारून?
सव्वाशे टक्के, मग दीडशे, मग दोनशे,
रात्री एकट्याने, दार लोटून.
आणि रविवारी जेवणाआधी
आमच्यासमोर पेपर उघडून बसायचे.
पानंसुद्धा उलटायचे, वेळच्या वेळी.

किटली शिट्टी देऊन गप्प झाली.
"सापडलं का काही?"
"अपडेटचा घोळ," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलेलं नाही."
"वाटलंच मला."

ते बाहेर यायच्या आत
अक्षरं आणखी एक पायरी वाढवली.
पुन्हा असं झालं तर परतायला एक खूण जतन केली.
तिला नाव द्या, म्हणाला कॉम्प्युटर.
मी लिहिलं: दोर.

चहाचा कप त्यांनी पुढे केला,
माझ्या हातापासून चार बोटं डावीकडे.
मी हात तिकडे नेला.