कर्मणी प्रयोग

एकतीस वर्षं मी आठवीला व्याकरण शिकवलं
हनुमान नगरच्या शाळेत, पत्र्याखाली.
आता पेन्शनच्या जोडीला फॉर्म उतरवते मराठीत,
पानाला दोनशे चाळीस रुपये.

हा चौतीस पानांचा.
सिकलसेलवर नवा उपचार: रुग्णाच्याच मज्जेतल्या पेशी घ्यायच्या,
त्यांच्यातलं चुकलेलं एक अक्षर दुरुस्त करायचं
आणि परत सोडायच्या रक्तात.
शुद्धलेखनच की, मला वाटलं. लाल शाईने.

मूळ कागदावर तिला सब्जेक्ट म्हटलं होतं.
कोश म्हणाला: विषय. प्रजा. कर्ता.
‘कर्ता’पाशी मी कूलरचा आवाज ऐकत बसले रात्रभर.
सकाळी ऑफिसातून फोन:
‘सहभागी’ लिहा मॅडम, तेच पास होतं.

मे महिना. मेडिकल चौकात डांबर चपलेला धरतं.
वॉर्डात आम्रपाली नंदेश्वर,
मागच्या मंगळवारी अठरा पूर्ण,
म्हणून आईची सही आता चालत नाही.
शेवंताबाई दुखावल्या:
‘रात रात पाय मी दाबून देतो हिचे,
अन् सही कामाची नाही?’

उन्हात पाणी कमी पडलं की हिचं रक्त वाकतं विळ्यासारखं,
अडकतं गुडघ्यात, कंबरेत.
फिजिक्सचा पेपर असाच गेला,
पर्यवेक्षकाला वाटलं, पोरगी नाटक करून राहिली.

मी वाचत गेले.
पेशी काढल्या जातील.
तीव्र औषध दिले जाईल.
उरलेला नमुना पंधरा वर्षे जतन केला जाईल,
आवश्यकतेनुसार परदेशी पाठवला जाईल.
इजा झाल्यास नियमानुसार भरपाई दिली जाईल.

‘कोण देईल?’
फॉर्ममध्ये नाही.
‘अन् पाठवेल कोण? मायाजवळ तं पासपोर्टबी नाही,
रक्त चाललं पुढं.’

वर्गात मी सांगायचे, कर्ता लपवायचा असेल
तर कर्मणी वापरा. चोर पकडला गेला.
कोणी पकडला, ते फळ्यावर लिहावं लागत नाही.
व्याकरणातही प्रयोग, दवाखान्यातही प्रयोग,
शब्द एकच,
हे एकतीस वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

कलम एकोणीस हळू वाचलं.
औषधाने बीजांडे निकामी होण्याची शक्यता.
शेवंताबाई पंख्याकडे पाहत राहिल्या.
फेब्रुवारीत मोठीला, उत्पलाला, पाहायला आले होते उमरेडहून.
पोह्यांआधी कार्ड मागितलं.
तिचं ए-एस, बहिणीचं एस-एस, एवढं कळताच
चहा अर्धा ठेवून उठले.
बशीत गोल डाग राहिला होता, त्या म्हणाल्या, मीच घासला.

‘दुखणं नेतीन तं लेकरूबी नेतीन,’ आम्रपाली म्हणाली,
‘असंच लिहिलं ना?’
शक्यता लिहिली आहे, मी म्हटलं,
आणि माझ्याच भाषांतराची मला लाज वाटली.

तिने पेन्सिल मागितली.
प्रत्येक ‘जाईल’च्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं, कोण.
सव्वीस वेळा.
कोऑर्डिनेटर पोरगा आला, पाहिलं,
‘अरे बाप्पा, फॉर्म खराब झाला, नवा आणतो’
म्हणत जिना उतरला.

तेवढ्यात ती:
‘मॅडम, मी सही करीन. हा कोणता प्रयोग?’
कर्तरी.
‘अन् मी सही केली?’
सही स्त्रीलिंगी. क्रियापद तिच्यामागे जातं. कर्मणी.

सलाइनचा हात जपत ती हसली.
‘म्हंजे केली, का मी गेली त्यातून.’

नवा फॉर्म आला. चौतीस पानं,
प्रिंटरमधून आत्ताच निघालेली, गरम.
तिने तो उघडला नाही,
तसाच ठेवला
दुखऱ्या गुडघ्यावर, दाबून.