जिन्याच्या पोटातलं झेरॉक्सचं दुकान

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणतात.
पण वालपराइसोत पायरी न चढता जाणार कुठे?
पाव आणायला एकशेबारा पायऱ्या,
मेलेल्याला पोचवायला त्याहून जास्त.
तेव्हा चढतात बिचारी पोरं.

माझं दुकान लॉ कॉलेजच्या समोर, जिन्याच्या पोटात.
दोन मशिनं, एक पंखा, एक मांजर.
मांजरीचं नाव अपील,
कितीदा फेटाळली तरी परत येते.
एकतीस वर्षं मी कायदा छापते आहे.
वाचला नाही कधी. हाताला मात्र कळतो.
दिवाणी कोमट लागतो,
फौजदारी गरम, त्याच्या प्रती जास्त निघतात.

डिसेंबर लागला की बायोडाटे येतात.
माइते ओयार्सून स्टेपलरची पिन पट्टी लावून मारायची,
नोटरी झाली. आता शिक्क्याचे पैसे घेते, माझ्याकडूनही.
इतुर्रिएता दर पानामागे भावावरून भांडायचा,
तो सरकारी वकील.
आणि माझ्या बाजूने त्याच्याशी भांडणारी अम्पारो
बचावाच्या कचेरीत गेली.
दुपारी दोघं एकाच बाकावर सँडविच खातात
आणि तीन वाजता एकाच माणसाला
दोन्हीकडून ओढतात.

आणखी एक होती, नाव विसरले.
तिने गुन्हेशास्त्र घेतलं.
वर्षभर रात्री टेकडीवर
बंद पडलेले दिवे मोजत हिंडली.
आई म्हणायची, एवढं शिकून दिवे मोजतेस?
तिच्या अहवालाच्या साठ प्रती मी काढल्या.
आमच्या जिन्यावर एक दिवा लागला.
एकच.
पण लागला.

कोर्टापुढे न्यायदेवता उभी आहे.
डोळ्यांवर पट्टी नाही, तराजू काखेत मारलेला,
बाजार उठल्यावर घरी निघालेल्या बाईसारखी.
काखेत तराजू आणि गावाला वळसा.
नोकरी लागली की पोरं तिच्यापुढे फोटो काढतात.

या डिसेंबरात इस्माएल आला.
बायोडाटा पाऊण पान.
"मधली जागा आवळता येईल? चौदा महिने रिकामे दिसतात."
मी अक्षरं मोठी केली, समास सरकवला.
लिहिलेलं झाकता येतं, खोडता येतं,
कोऱ्याचं काय करायचं?
मग मशीनकडे बघत तो म्हणाला,
"ते शटर मीच तोडलं होतं."

ठाऊक होतं मला.
फिर्यादीवर सही माझीच,
आणि तिची प्रत काढायला शेजारी जावं लागलं होतं,
कारण मशीन हाच घेऊन गेला होता.
तेवढं धूड अंधारात एकशेबारा पायऱ्या
उतरवलं कसं, हे आजही विचारायचं राहिलंय.

"काय व्हायचंय तुला?"
"तुरुंगातून सुटतात ना, त्यांच्याबरोबर काम.
पहिल्या आठवड्यात.
तेव्हा फाटकाशी कोणी नसतं."
जरा थांबून,
"वकिलीची सनद देतील का, माहीत नाही.
त्या कामाला लागतही नाही बहुतेक."

म्हटलं, चौदा महिने लिही. आहेत तसे.
"कुठल्या रकान्यात?"
मला सुचलं होतं एक, शिक्षणाच्या.
पण तो हसला नसता. मग मीही गप्प.
लिहिलं शेवटी त्याने, अनुभवाखाली, एका ओळीत.

ओळख देणाऱ्या दोन व्यक्ती हव्या होत्या.
एक प्राध्यापक होते. दुसरी ओळ मोकळी.
मी टाइप केलं: ओर्तेन्सिया बुस्तोस, धंदा झेरॉक्स,
उमेदवाराला सहा वर्षांपासून ओळखते.
तो काही बोलला नाही.
कुठल्या रात्रीपासून, ते दोघांनाही माहीत.

पाच प्रती. चारचे पैसे घेतले.
त्याने पाचव्याचं नाणं ठेवलं, मी सरकवलं,
त्याने परत ठेवलं.
अपील दारातच पसरली होती, उठेना.
तिला ओलांडून तो जिना चढू लागला.